सव्वादोनचा चुडा

वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी आम्ही दोघी संभाजीनगरच्या दवाखान्यात बसलो होतो. ती कन्नड तालुक्यातली, नाव विचारायचं राहूनच गेलं. विम्याच्या मंजुरीच्या फॉर्मवर हाडांचा बांधा लिहायचा होता, म्हणून नर्सनं तिचं मनगट मोजायला घेतलं.

“थोराड लिहा,” ती म्हणाली. “सासरी समदे तेच म्हणतात.”

माझं हाडच थोराड, असं मीही घरी सांगत आले होते.

नर्स बांगड्या काढा म्हणाली. सवाष्णीचा हात रिकामा नको म्हणून तिनं त्या न काढता जोर लावून वर सरकवल्या.

टेप बघून नर्स म्हणाली, “हाड बारीक आहे तुमचं.”

बराच वेळ ती आपलं मनगट कुरवाळत राहिली.

“लग्नात कासारानं लहान मापाचा, सव्वादोनचा चुडा भरला होता, ताई. एवढ्याशा हाडांवर मी हे समदं वागवलं व्हय?”