घोडी नाचत नव्हती

सत्तावीस वर्षं मी याच जंगलात पायी फिरले, लशींची पेटी खांद्याला अडकवून. त्याला कुणी ट्रेकिंग म्हटलं नाही. ड्युटी म्हणत. नाल्याला पाणी आलं तर लुगडं खोचून उतरायचं, पेटी डोक्यावर घ्यायची, आणि पलीकडच्या गावात बायका पोरांना घेऊन पळून जायच्या, त्यांच्यामागे धावायचं. म्हणून रिटायर झाल्यावर सुनेनं मोबाइलवर जाहिरात दाखवली, 'अहेरी ते सिरोंचा, सहा दिवस, पायी', तेव्हा मी आधी पोटभर हसले. मग नाव नोंदवलं. पेटीशिवाय चालून कसं वाटतं, ते एकदा बघायचं होतं बाप्पा.

आम्ही अकरा जण होतो. बाकीचे पुण्या-नागपूरचे, सगळे माझ्या मुलांच्या वयाचे. लीडर पस्तिशीचा, दाढीवाला, गळ्यात शिट्टी. त्याला नियम तोंडपाठ. मोठ्यानं बोलायचं नाही, पान तोडायचं नाही, कुठल्याही जनावराच्या जवळ जायचं नाही. नियम काही वाईट नव्हते. पहिले तीन दिवस मीही गुपचूप पाळले, आणि माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं ते माझं मलाच माहीत.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही प्राणहितेच्या काठानं चाललो होतो. सागाची झाडी संपून खाली वाळू लागली, आणि त्या वाळूच्या कडेला गवतात पाच तट्टं चरताना दिसली. चार लालसर, एक करडी घोडी. अंगावर ना खोगीर, ना लगाम. आयाळीत गोखरूचे गुंते. माणसाची चाहूल लागली तसे सगळ्यांचे कान एकदम उभे राहिले.

"जंगली घोडे!" आमच्यातली एक मुलगी दबक्या आवाजात ओरडली. तिच्याकडे सगळ्यांत मोठा कॅमेरा होता. लीडरनं बोट ओठांवर ठेवलं आणि सगळ्यांना खाली बसवलं. खोटं कशाला बोलू, मलाही फार आनंद झाला. इतकी वर्षं या भागात काढली, पण मोकळे घोडे मी कधी पाहिले नव्हते.

मग ती करडी हलली. पुढचे दोन्ही पाय एकदम उचलले, हवेत उडी, धप्पकन खाली. पुन्हा तसंच.

"अगं बाई, नाचतेय ती!" कॅमेरावाली म्हणाली. सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. एकानं तर हळूच टाळ्याच वाजवल्या.

मी चष्मा पुसून पुन्हा घातला. ती नाचत नव्हती. पुढच्या दोन पायांत निळी नायलॉनची दोरी होती. कोरपन्याकडं माझ्या बापाचं एक तट्टू होतं, बाजारावर किराणा न्यायला. रात्री चरायला सोडताना ते लांब जाऊ नये म्हणून पुढचे पाय असे बांधतात, त्याला पायबंद म्हणतात. रात्री बांधायचं आणि सकाळी सोडायचं. सकाळी सोडायचं काम माझ्याकडे होतं, आणि शाळेच्या घाईत एकदा विसरले, तर बापानं दोन दिवस माझं तोंड पाहिलं नव्हतं.

"पाय बांधलेत तिचे," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मग माझा आवाज चढला. "नाचून नाई राह्यली ते! पाय बांधले हायेत तिचे!"

"ताई, हळू," लीडर म्हणाला. त्यानं दुर्बीण लावली. "हो, काहीतरी दिसतंय खरं. पण आपण हात नाही लावायचा. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, पहिल्याच दिवशी ठरलंय."

निसर्ग! अरे, नायलॉनची दोरी कोणत्या झाडाला लागते? मी तसं विचारलंच. दोघं-तिघं हसले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्या आरडाओरड्यानं असेल, पण लीडरनं जरा उंचावर उभं राहून वनखात्याला आणि जनावरांच्या दवाखान्याला फोन लावले. स्पीकर लावला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पहिला म्हणाला, घोडा हा जंगली प्राणी नाही, आमच्याकडे येत नाही. दुसरा म्हणाला, पाळीव असेल तर मालकानं अर्ज करावा. मालक माहीत नाही म्हटल्यावर म्हणाला, मग ते मोकाट जनावर, मोकाटाचं आम्ही बघत नाही. मोकाट आहे तर पायात दोरी कशी? तर म्हणे, दोरी आहे म्हणजे मालक आहेच, त्यालाच शोधा. मी म्हटलं, आण इकडं तो फोन. तेवढ्यात रेंज गेली. त्या माणसाचं नशीब.

"चला, दुपारच्या आत पुढचं गाव गाठायचंय," लीडर म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं."

"असं ग्रुप सोडून राहता येत नाही ताई. माझी जबाबदारी आहे."

"मी काय कुकुलं बाळ हाय? या जंगलात रस्ता नव्हता तेव्हापासून हिंडून राह्यलो आम्ही!"

शेवटी पुढच्या गावात माझी वाट बघत थांबायचं त्यानं कबूल केलं. निघताना कॅमेरावालीनं घोडीचा आणखी एक व्हिडिओ काढला. दहा जण, चांगले शिकलेले, हातीपायी धडधाकट. एकही माझ्यासोबत थांबला नाही. हे मी अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही.

काठावर हरभऱ्याचं वावर होतं. तिथल्या खोपडीसमोर एक म्हातारा आणि त्याची बायको बसले होते. मघापासूनचा सगळा तमाशा त्यांनी पाहिला असणार. बाईनं "जोहार" म्हणत लोटाभर पाणी दिलं. मी पाणी प्यायच्या आधीच विचारलं, हे घोडे कोणाचे?

"रेतीवाल्याचे," म्हातारा म्हणाला. "नाल्यातून रेती वाहाले आणले होते. मंग त्यानं ट्रॅक्टर लावला. दिवाळीच्या टायमाले एका दिवशी पाहाटेच निंघून गेला. घोडे इथीच."

"आन् दोरी?"

"तशीच. घोडी बांधली का बाकीचे लांब जात नाई."

आता संक्रांत आली, म्हणजे अडीच महिने! सोडून जायचं तर जा, पण जाता जाता वाकून गाठ सोडायला त्या माणसाचा हात का झडला होता? पाच मिनिटांचं काम. मी त्याला तिथल्या तिथं इतक्या शिव्या दिल्या की म्हातारा वरमून दुसरीकडे बघू लागला.

"मंग तुम्ही काऊन नाई कापली?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या हातचं दावं हाय बाई," तो म्हणाला. "उद्या तो आला आन् म्हनला का माहं जनावर सोडून देल्लं, तं?"

हे मला समजत होतं, तेच तर दुखणं. मी याच रीतीत वाढले. दुसऱ्यानं बांधलेलं दावं कुणी सोडत नाही. गाय खुंट्याला गुरफटली तरी आधी मालकाला हाक मारायला धावतात. हा काही अडाणीपणा नाही. या रीतीच्या भरवशावरच गरीब माणूस आपला बैल बाहेर बांधून निवांत झोपतो. आणि तो रेतीवाला पळाला तरी हे दोघं त्याच्या दोरीचा मान राखत बसले होते! चार घोडे मोकळे, म्हणून ते कुणाचेच नाहीत. पाचवीच्या पायात दोरी, म्हणून ती अजून त्या हरामखोराची.

माझा तोल गेला. "अडीच महिने पाहून राह्यले तुम्ही दोघं? डोळ्यांनं?"

त्यावर बाई तडकली. "आमी पाहून तरी राह्यलो बाई. तिले दरडीखाली उतरता येत नाई, तं रोज घमेल्यात पानी नेऊन ठेवतो. आमचा हरभरा खाते, तरी गोटा नाई मारला. तुमचे लोकं तं टाळ्या वाजवून गेले."

खरं होतं ते. मी त्या टाळ्यावाल्यांबरोबरच आले होते.

मी म्हटलं, "दोरी मी कापतो. तो आला तं माह्यं नाव सांगा. म्हना का नर्सबाईनं कापली. त्याले म्हना, ये तिच्याकडं जाब विचाराले. मी वाटच पाहून राह्यली त्याची."

बाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग उठून हरभऱ्याचे चार डहाळे उपटले, घमेलं घेतलं आणि चालू लागली.

घोडी तिला ओळखत होती. उड्या मारत आली, घमेल्यात तोंड घातलं. म्हाताऱ्यानं आयाळ धरली. मी गुडघ्यांवर बसले आणि वासावरूनच समजलं. उजव्या पायाचं कातडं सोललं होतं, पण डाव्या पायात दोरी मांसात रुतली होती, वरून कातडं चढलेलं, आत अळ्या. माणसांचे असे पाय मी पाहिलेत. म्हाताऱ्याच्या कमरेचा विळा तिथं चालणार नव्हता. माझ्या पिशवीत पट्ट्या कापायची कात्री होती, तिनं एकेक पीळ तोडला. तोंडानं शिव्या चालू आणि हात कामात. घोडी थरथरत होती, पण एक लाथ मारली नाही. बाईनं चुलीवर मिठाचं पाणी गरम करून आणलं. जखम धुतली, अळ्या काढल्या, हळद आणि करंजीचं तेल भरलं.

म्हाताऱ्यानं आयाळ सोडली. घोडीनं पुन्हा दोन्ही पाय जोडून उडी मारली. दोरी निघाली हे तिला कळलंच नव्हतं. मग डावा पाय टेकवायला गेली आणि लगेच वर घेतला, तसाच अधांतरी धरून उभी राहिली.

"जगंल का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सांगता नाई येत," मी म्हटलं. रोज कसं धुवायचं ते बाईला दाखवलं, पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या दिल्या आणि निघाले.

पुढच्या गावात ग्रुप चहा पीत बसला होता. रेंज होती. कॅमेरावालीचा व्हिडिओ तोवर जगभर गेला होता, 'जंगलातली नाचरी घोडी' म्हणून. मी म्हटलं, काढून टाक तो. तर म्हणाली, "पण काकू, लोकांना किती आवडलाय!" त्यानंतर सिरोंच्यापर्यंत मी त्यांच्यातल्या कुणाशी अवाक्षर बोलले नाही. गोदावरीच्या काठावर सगळ्यांनी फोटो काढला, त्यातही मी उभी राहिले नाही.

घरी आले, पण जीव टांगणीला लागलेला. त्या म्हाताऱ्या-म्हातारीकडं मोबाइल नव्हता, विचारणार कुणाला? पाय सडून ती मेली असेल, हेच मनात यायचं, आणि मी विनाकारण सुनेवर खेकसायचे.

होळीच्या सुमारास लीडरचा फोन आला. मी कणीक मळत होते. म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. त्या व्हिडिओमुळे नवी बॅच मुद्दाम घोडी बघायला आली होती. दोन तास थांबलो आम्ही. करडी सापडली, पण ती नाचतच नाही हो. नुसती चालते. लोक फार नाराज झाले."

"कशी चालते?"

"कशी म्हणजे? साधी. बाकीच्यांसारखी."

"पुढचा डावा पाय टेकवते?"

"टेकवते की. पळतेसुद्धा. आम्ही जवळ गेलो तर अशी सुसाट सुटली की एक फोटो मिळाला नाही." मग म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी तिला काही केलं होतं का?"

"केलं ना," मी म्हटलं. "आन् तुमचे लोकं नाराज झाले, हे लई बेस झालं." आणि फोन चालू असतानाच, कणकेच्या हातांनी तोंड झाकून, मी ढसाढसा रडले.