हातानं घेतलेलं पाणी

साळवे सर गेले, हे मला माजिवड्याच्या छापखान्यात कळलं. त्यांच्या कवितेवर मी चित्रं काढलेलं मुलांचं पुस्तक त्या दिवशी छपाईला चढणार होतं. रंग तपासत उभी होते, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा, नीताचा फोन आला. "ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतलेला, पेपर वाचत बसलेले... खुर्चीतच." मी काय बोलले ते आठवत नाही. समोर शेवटच्या पानाचा नमुना पडला होता, आणि त्याच पानावरून मी सरांशी खोटं बोलले होते. सर जाऊन महिना झाला, ते टोचणं काही गेलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी प्रकाशकांनी मला ठाकुर्लीला सरांच्या घरी पाठवलं. मी डोंबिवलीची, पाठ्यपुस्तकांत ससे नि आंबे काढून हात बसलेली. सर नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले. ही त्यांची तरुणपणची कविता, सभांमधून म्हटली जाणारी. माणसं ती मुठी आवळून ऐकायची. शाळेतल्या माठाला हात लावायची बंदी असलेला एक मुलगा. शिपायानं वरून ओतलं तर पाणी, नाहीतर तसंच कोरड्या घशानं घरी. एक दिवस तो उठतो आणि स्वतः माठाशी जातो. हे आता सात-आठ वर्षांच्या मुलांना द्यायचं होतं. मला वाटलेलं, गृहस्थ तापट असतील. निघाले मिश्कील. माझी जुनी चित्रं चाळत म्हणाले, "ससे चांगले गुबगुबीत आहेत हो. आमच्या पोराला मात्र जरा कमी जेवू घाला."

त्यांना चढ्या आवाजात बोलताना मी एकदाच ऐकलं. प्रकाशकांच्या मनात 'विटाळ' हा शब्द काढायचं होतं. लहान मुलांना कळणार नाही, उगाच मनावर परिणाम होईल, वगैरे. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. सर आवाज चढवून म्हणाले, "मला हा शब्द कळला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. कुणी विचारलं नव्हतं, बाळा, तुला झेपेल का." शब्द राहिला.

शेवटच्या पानाचं मात्र वेगळं झालं. कवितेची शेवटची ओळ, 'आज पाणी मी माझ्या हातानं घेतलं.' मी त्यावर ओंजळ काढली. भरलेली, बोटांतून थेंब निसटताहेत, पाण्यात पोराचा हसरा चेहरा. मी जन्मात काढलेलं सगळ्यात देखणं चित्र, असं माझं मत होतं. सरांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ओंजळ नको, ताई."

"पण सर, 'माझ्या हातानं' म्हणजे..."

"हातानं म्हणजे पेला घेऊन, माठात बुडवून. ओंजळ तर आम्हाला रोजचीच होती. ती पुढे केल्याशिवाय शिपाई ओततच नसे."

हे ऐकून तिथल्या तिथे कागद फाडायला हवा होता. पण कलावंताचा अहंकार वाईट. बघते म्हणाले आणि तीन महिने काही बघितलं नाही. हल्लीच्या मुलांना ओंजळ सुंदरच दिसेल, अशी मी माझी समजूत घालत राहिले. शेवटी त्यांचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं, "सर, पान छपाईला गेलं." गेलं नव्हतं. ते म्हणाले, "असं का... मग राहू द्या." तेच आमचं शेवटचं बोलणं.

म्हणून त्या दिवशी छापखान्यात मी ते पान थांबवलं. छपाईवाले कुरकुरले, प्रकाशक चिडले. तीन दिवसांत नवं चित्र केलं. माठ, त्यात बुडवलेला पेला, तो तोंडाला लावून पिणारा मुलगा. सरांच्या जलदान विधीला गेले तेव्हा ते सोबत नेलं. गर्दी ओसरल्यावर नीताच्या हातात दिलं.

तिनं ते बराच वेळ पाहिलं. "बाबा म्हणालेले, ताई बदलतील हे चित्र," ती म्हणाली. "मी म्हटलं, छापून झालं ना? तर म्हणाले, नसेल झालं अजून."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मला रडू आवरेना. नीतानं पाणी आणून दिलं. मी मान मागे टाकली, पेला वर धरला आणि पाणी घशात सोडलं. उष्टं होऊ नये म्हणून लहानपणापासून मी असंच पिते, कुठेही, स्वतःच्या घरीसुद्धा. मान खाली केली तर नीता माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही आमच्याकडे नेहमी असंच पिता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आईला लागायचं ते. विचारू का म्हटलं, तर बाबा म्हणाले, नको, सवय असेल त्यांची."

"सवयच आहे गं," मी म्हणाले. खरंच सवय आहे. पण आमच्या घरात ती कुठून आली, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. चित्रातली चूक सरांनी मला दाखवली. ही मात्र ते दोन वर्षं समोर बघत राहिले आणि दर वेळी मला पाणी देत राहिले.

पेल्यात थोडं पाणी उरलं होतं. ते मी ओठ लावून प्यायले. नीता तोवर उठून आत गेली होती.