अप्पारावांना न पटलेले पिक्चर

पंचाहत्तर साली मी शिक्षक म्हणून कुंभार पिंपळगावात रुजू झालो. त्या वर्षी दिवाळी झाल्यावर गावाबाहेरच्या माळावर काकासाहेबांच्या टूरिंग टॉकीजचा तंबू पडला आणि त्या तंबूमुळेच माझी अप्पारावांशी ओळख झाली.

अप्पाराव विहिरी खोदायचे. मुरूम संपून काळा खडक लागला की त्याला भोकं पाडायची, त्यात सुरुंगाचे बार भरायचे आणि उडवायचे, हे त्यांचं खरं काम. पंचक्रोशीत त्या कामाला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. वय चाळिशीच्या पुढचं, घर बौद्धवाड्यात. डाव्या हाताची दोन बोटं एका विहिरीत गेली होती आणि उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. त्यांच्या बायकोला, गिरिजाबाईंना, पिक्चरचा भारी नाद. बाजाराच्या दिवशी त्या बायकांच्या बाजूला जाऊन बसायच्या आणि अप्पाराव पुरुषांच्या बाजूला, सगळ्यात पुढे मातीवर. पिक्चरभर ते गप्प असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या चहाच्या हॉटेलापुढे उभे राहिले की मात्र त्यांचं तोंड सुटायचं.

उभे राहिले म्हणतो, कारण त्यांना बाकावर बसायला कुणी सांगत नसे. त्यांचा कप वेगळा होता, खिडकीच्या फळीवर उपडा ठेवलेला. चहा प्यायचा आणि तो त्यांनीच विसळून ठेवायचा. मी आत बसून चहा पीत होतो आणि त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. तेवीस वर्षांचा होतो, नोकरी नवी होती, ही सबब आज मला स्वतःलाही पटत नाही.

लोक त्यांना मुद्दाम डिवचायचे. "काय अप्पा, काल कसा वाटला?"

एकदा चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा जुना हिंदी पिक्चर आला होता. पत्र्याचं विमान, त्यातून धूर, वर एक राजा आणि त्याची राजकन्या. दुसऱ्या दिवशी अप्पाराव कप हातात घेऊन बोलायला लागले.

"चांदावर गेले म्हणं. गेले तर गेले. पर तिथं बी राजा हाय. त्याच्या पायाशी शिपाई हाय, वारा घालायला माणूस हाय. इतक्या लांब जाऊन त्याईला ह्येच सापडलं का? आरं, नवीन जमीन हाय ना ती? मंग तिथं तरी खाली-वर कामून ठिवलं?"

"अप्पा, पिक्चर आहे तो," कुणीतरी म्हणालं.

"ठावं हाय मला. ज्यानं काढला त्याला इच्यारून राह्यलो मी. अन् तिथं समदे सरबत पीत होते. पाणी कुठून आलं? इहीर कोणी खांदली? ज्यानं खांदली तो एकदा बी दिसला न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. अप्पारावांनी माझ्याकडे पाहिलं, कप विसळला, फळीवर उपडा ठेवला आणि निघून गेले. त्यांच्या रागाचं मूळ मला पुढे कळलं. तोवर त्यांनी तीसेक विहिरी उतरवल्या होत्या. पाणी लागलं की मालकाच्या घरचे नारळ फोडायचे, साखर वाटायचे. अप्पारावांना मात्र बाजूला बसवून वरून ओंजळीत पाणी ओतायचे. त्या पाण्याच्या पहिल्या थेंबाला त्यांचाच हात लागलेला असायचा आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच विहिरीच्या काठाला त्यांना शिवता येत नव्हतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला मारामारीचा एक पिक्चर आला. त्याने गाव वेडं केलं. त्यातला नायक विडीने सुरुंगाची वात पेटवतो, कांडी हातात खेळवतो, मग ती डाकूंच्या गुहेत फेकून पाठ फिरवून चालत येतो. मागे डोंगर ढासळतो, पण त्याच्या केसाला धक्का नाही. तंबूत शिट्ट्या पडल्या. अप्पाराव तेवढ्यात उठून बाहेर गेले. गिरिजाबाई पिक्चर संपेपर्यंत बसल्या.

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलावर आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता. "हातात खेळवतो भाड्या. अन् पाठ दाखवतो. बार उडताना पाठ दाखवणारा माणूस म्या पायला हाय. मस्तगडाकडचा गडी होता, माझ्यासंग जालन्याला कामाला. त्याची पाठ गोळा करून पोत्यात भरली आमी. शिट्ट्या मारता?"

या वेळी कमी लोक हसले. हसणाऱ्यांत वसंता होता. पंचविशीचा, लग्न झालेला, अप्पारावांच्याच टोळीत भोकं पाडणारा गडी. त्या पिक्चरनंतर तो नायकासारखा गळ्यात रुमाल बांधून कामाला जायला लागला.

तेव्हा त्यांचं काम बद्रीनाथरावांच्या मळ्यात चाललं होतं. बद्रीनाथराव गावातले जुने जमीनदार, आमच्या शाळेच्या कमिटीवर. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कमिटीच्या कागदावर त्यांची सही घ्यायला मी मळ्यात गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

अप्पारावांनी सात वाती पेटवल्या आणि वर आले. आम्ही सगळे लांब चिंचेखाली उभे. ते एक-एक आवाज बोटावर मोजत होते. सहा बार वाजले. सातवा वाजला नाही.

"आता कुणी खाली उतरायचं न्हाई," ते म्हणाले. "आज काम बंद. उद्या सकाळी मी एकला उतरून पाहीन."

बद्रीनाथरावांना ते रुचलं नाही. "अरे अप्पा, सहा बारांचा दगड पडलाय खाली. दिवस का फुकट घालवतोस? विझली असंल वात."

"विझली असंल नाही तर आतल्या आत धुमसत असंल. मला ठावं न्हाई, तुमाला बी ठावं न्हाई."

ते भाकरी खायला बांधावर गेले. त्यांचा ऐकू न येणारा कान आमच्याकडे होता. बद्रीनाथराव वसंताला म्हणाले, "म्हातारा भ्याला. तू तर रुमाल बांधून हिंडतोस. का नुसता रुमालच?"

वसंता हसला, त्याने दगड वर ओढायच्या यारीचा दोर धरला आणि दोघा गड्यांनी त्याला खाली सोडलं. मी तिथेच उभा होतो. मी त्यांना अडवायला हवं होतं.

अप्पारावांना ऐकू आलं नाही, पण यारीचं चाक फिरताना दिसलं. हातातली भाकरी टाकून ते धावत आले. गड्यांना ढकलून स्वतः हँडलला लागले आणि खाली ओरडले, "दोर धर. हात लावू नको कशाला. दोर धर." वसंता वर आला तेव्हा अजून हसत होता. अप्पारावांनी गड्यांना चिंचेकडे पिटाळलं, वसंताच्या मानेवरचा रुमाल पकडला आणि त्याला फरफटत चिंचेकडे नेलं. नेता नेता थोबाडीत मारत होते. चिंचेखाली पोचल्यावर वसंताने उलटा हात उगारला आणि त्याच वेळी विहीर वाजली. दगड यारीवर पडले, एक पार आमच्या पायापाशी येऊन थांबला. वसंताचा हात तसाच वर राहिला. मग तो खाली बसला आणि गळ्यातला रुमाल सोडायला लागला.

अप्पाराव त्याच्याकडे न बघता बद्रीनाथरावांपुढे जाऊन उभे राहिले. इतके जवळ, की बद्रीनाथराव एक पाऊल मागे सरले.

"तुमचं पोरगं असतं तर उतरवलं असतं का?"

"अप्पा, नीट बोल."

"नीटच बोलून राह्यलो. तीस वर्सं नीट बोललो. आज इच्यारतो, उतरवलं असतं का?"

अप्पाराव मळ्यातल्या जुन्या विहिरीकडे वळले, काठावर पाण्याची दगडी डोण भरलेली होती, तिच्यात सरळ हात घालून त्यांनी तोंड धुतलं, ओंजळी भरभरून पाणी प्याले, आणि आपली पहार, घण उचलून निघाले. वसंता त्यांच्यामागे गेला. बाकीचे गडीही गेले.

पुढच्या बाजाराला लोकांच्या आग्रहावरून काकासाहेबांनी तोच पिक्चर पुन्हा लावला. मध्यंतर संपून मशीन सुरू झालं, तेव्हा अप्पाराव उठून पडद्यापुढे गेले. त्यांनी डावा हात उजेडात धरला. पडद्यावर तीन बोटांची मोठी काळी सावली पडली. मागून ओरडा झाला, कुणी ढेकूळ मारलं. काकासाहेब म्हणाले, "बसा हो अप्पाराव, लोकांचा खोळंबा होतो."

"होऊ द्या. आता तो गुहेत कांडी फेकंल. तव्हा शिट्टी मारायच्या आधी ह्यो हात पाहून घ्या. वसंता परवा मेला असता. त्याची बायको तिकडं बसली हाय, तिला इच्यारा."

बायकांच्या बाजूने आवाज आला, "खरं हाय ते." गिरिजाबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या शेजारी वसंताची बायको. मशीनवाल्याने दिवा बंद केला नव्हता, त्या उजेडात अप्पाराव आणखी थोडा वेळ उभे राहिले आणि मग तंबूतून बाहेर पडले. गुहेचा प्रसंग आला तेव्हा मागून दोन-चार शिट्ट्या तरीही वाजल्या.

गावाने त्याचा वचपा काढला. दीड वर्ष त्यांना गावातल्या एकाही विहिरीवर बोलावलं नाही. बद्रीनाथरावांनी बाहेरची टोळी आणली. हॉटेलवाल्याने तर खिडकीतला कपच काढून टाकला. मी त्या हॉटेलात जाणं बंद केलं. उशिरा केलं, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. कमिटीने माझी बदली मागितली, एवढंच. वसंता अप्पारावांबरोबर जालन्याकडे खडीच्या खाणीवर गेला.

एकोणऐंशी साली मी अंबडला होतो. स्टँडवर अप्पाराव आणि गिरिजाबाई जालन्याच्या गाडीची वाट पाहत दिसले. मी जवळ जाऊन त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. तब्येतीची चौकशी केली, वसंताला दोन मुलं झाल्याचं कळलं.

"परवा जालन्याला एक इंग्रजी पिक्चर पायला," अप्पाराव म्हणाले. "लोखंडाचा माणूस. त्याला भूक लागत न्हाई, झोप लागत न्हाई, मालक म्हणंल ते करतो. समदे टाळ्या वाजवून राह्यले. गुरुजी, मला इतका राग आला. असा माणूस ह्याईला पायजेच हाय, बिलकुल पायजे हाय. म्हणून त्यो पिक्चर काढला."

"मला आवडला तो," गिरिजाबाई म्हणाल्या. "चालायचा कसा."

"तुला काय, समदंच आवडतं."

गाडी लागली. गर्दीत त्यांनी गिरिजाबाईंना आधी वर चढवलं आणि स्वतः चढून, आतून खिडकीशी येऊन पुन्हा माझ्याशी बोलायला लागले. लोखंडाच्या माणसाचा हात तुटला तर मालक नवा बसवतो, हे त्यांना मुळीच सहन होत नव्हतं. कंडक्टरने दोनदा बेल दिली तरी ते बोलतच होते.