साखरपुड्यातच लग्न

सरकार ज्यांच्याशी बोलत नाही, त्यांच्याशी बोलायचं, हे आमच्या गुप्तवार्ता खात्याचं काम. जमलं तर श्रेय वरच्यांचं. फिसकटलं तर आम्ही तिथं नव्हतोच! नोकरीत असताना मला याचा राग यायचा. निवृत्तीनंतरही येतो.

त्या वेळी माझ्या हाताखालचा एक माणूस जंगलातल्या बंदूकवाल्यांनी धरून ठेवला होता. त्याची बायको रोज फोन करायची, "साहेब, जिवंत आहेत ना?" मी हो म्हणायचो. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

बंदूकवाल्यांच्या बाजूनं बोलायला एक म्हातारे मास्तर तयार झाले, पण शहरात नको म्हणाले. मग कर्जतजवळच्या माझ्या मळ्यातच त्यांना बोलावलं. अनोळखी गाडी बघून गाव चौकशा करणार, म्हणून आधीच सांगून टाकलं, पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या लेकीच्या स्थळाची बैठक आहे. इथंच माती खाल्ली! लग्नाच्या बैठकीला आमच्याकडे भाऊबंदांना आवतण लागत नाही.

शेजारच्या मळ्यातले चुलते, आमचे तात्या, फेटा बांधून थेट मध्येच येऊन बसले. हाकलावं तर बिंग फुटणार. आम्ही दोघं मोघम बोलत राहिलो.

"आधी तुमची माणसं मागं घ्या," मास्तर म्हणाले. म्हणजे जंगलातले पोलीस.

"आधी आमचा माणूस पाठवा," मी म्हणालो. दोन तास हेच दळण.

शेवटी तात्या भडकले. "आधी कोन, यावरच आडलंय व्हय? लई झालं! आजकाल साखरपुड्यातच लगीन उरकत्यात. एकाच मांडवात, एकाच टायमाला. कोन आधी न्हाई, कोन मागं न्हाई!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. अरे देवा, एवढं साधं!

"एकाच वेळी?" मी विचारलं.

"घरच्यांना विचारतो," मास्तर म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस मागं सरले, आणि त्याच घटकेला आमचा माणूस चालत डांबरी रस्त्यावर आला. फोन येताच मी अंगणात उड्या मारल्या, अक्षरशः उड्या!

"जमलं व्हय?" बांधावरून तात्या ओरडले.

"जमलं, तात्या!"

दुपारपर्यंत त्यांनी घरोघर साखर वाटली.

संध्याकाळी लेक फोनवर कडाडली, "पप्पा, माझं लग्न ठरलं म्हणे? मला न विचारता?"

खरं सांगायची सोय नव्हती. "एकीचा नवरा घरी आलाय गं," एवढंच म्हणालो, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडलो.