दोन राउटर, एकच नंबर

मिहिर, सई, आजोबा गेल्याचं तुम्हाला कॅनडात फोन करून मीच सांगितलं. त्याआधी कागदावर पाच मुद्दे लिहून घेतले होते आणि ते क्रमाने वाचले. पाचवा संपल्यावर सई म्हणाली, "आजी, तू जेवलीस का?" ह्याचं उत्तर कागदावर नव्हतं... मी फोन ठेवून दिला.

आता सहा आठवडे झाले. आजोबांची एक गोष्ट सांगायची राहिली, कारण मलाच ती गेल्या आठवड्यात पूर्ण कळली.

अंबडच्या कारखान्यातले कॉम्प्युटर आजोबांनी वर्षानुवर्षं सांभाळले. तिथली जुनी यंत्रं टोकन रिंग पद्धतीने जोडलेली होती. म्हणजे सगळी यंत्रं गोल करून बसल्यासारखी. एक टोकन त्यांच्यात फिरणार आणि ते ज्याच्याकडे येईल त्यानेच बोलायचं. "आपल्या घरी ही सोय हवी होती," असं आजोबा जेवताना माझ्याकडे न बघता म्हणायचे. पुढे जगभर दुसरी पद्धत आली, आजोबा निवृत्त झाले, आणि दोन-तीन वर्षांनी कारखान्यातून फोन आला. ही यंत्रं एकमेकांना जोडणारा स्विच बंद पडला होता. गोदामातला दुसरा जुना स्विच बसवून त्याला दोन राउटर जोडायचे होते आणि ते येणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. जमलं नाही तर नवे साहेब ती सगळी यंत्रं भंगारात काढणार होते. यंत्रं आजोबांनीच बसवलेली. तीन दिवस ते मॅन्युअल घेऊन बसले. देवपूजाही त्या तंद्रीत दोनदा झाली.

आजोबांचं अक्षर आजोबांनाही लागत नसे. म्हणून कच्चं ते लिहीत आणि पक्की प्रत मी करायची, समास आखून. कुठली वायर कुठे, वेग किती, सगळं ओळीने उतरवलं. शेवटी पाहते तर दोन्ही राउटरपुढे रिंग नंबर दहाच! घाईत चुकले असणार, म्हणून दुसऱ्यापुढे मी अकरा लिहिलं आणि कच्चा कागद फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास कारखान्यातून आजोबांचा फोन आला.

"अगं, दुसऱ्या राउटरपुढे मी काय लिहिलं होतं?"

"दहा. मी दुरुस्त केलं."



"एका रिंगवर दोघं असले की दोघांचा नंबर एकच लागतो गं."

"मग तसं शेजारी लिहायचं ना, अहो!"

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, "झालं?" तर म्हणाले, "झालं. भजी कर." विषय संपला. कारखान्याने त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. मला वाटलं, आता ह्यांनाच कंटाळा आला असेल.

गेल्या आठवड्यात कारखान्यातला अन्वर शेख भेटायला आला. त्या दिवशी तो आजोबांच्या मदतीला होता. चहा घेताना म्हणाला, "काकू, यंत्रं चालू झाली, पण नवे साहेब सगळ्यांसमोर बोलले, 'काका, आता नंबर लक्षात राहत नाहीत तुमच्या.' कागदावर अक्षर तर काकू, तुमचं होतं, मला ठाऊक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी टेबलाखालून माझा पाय असा दाबला! म्हणाले, हो साहेब, वय झालं माझं."

"का पण?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. तर म्हणतात कसे, अन्वर, पुढच्या कामाची प्रतही तिच्याकडूनच करून घ्यायची आहे. आत्ताच कशाला रुसवू?"

पुढचं काम आलंच नाही...

फ्रिजवर आजोबांनी लिहिलेली भाजीची शेवटची यादी अजून आहे. तीत मेथी दोनदा आहे. एरवी मी एक मेथी केव्हाच खोडली असती. परवा इंदिरानगरच्या बाजारातून दोन जुड्या आणल्या आणि दुपारभर निवडत बसले.