जिना आणि लिफ्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्याबरोबर रोज चहा होतो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं सांगायचं तर, लपवून लपवून आता दमलोय.

मी अर्कचित्रं काढतो. लग्नांत, कंपन्यांच्या पार्ट्यांत कोपऱ्यात टेबल टाकून बसतो. माणूस समोर बसला की पाच मिनिटांत त्याचं नाक त्याच्या हातात देतो. लोक हसतात, फोटो काढतात, जेवायला जातात. पंधरा वर्षं नोएडा, गुडगाव, फरीदाबाद — हेच चाललंय. बोटं दुखतात. हसऱ्या चेहऱ्यांचाही वीट येतो, हे कुणाला पटेल का?

त्यातल्या त्यात बरं काम म्हणजे सरकारी ऑफिसांतल्या निवृत्तीची चित्रं. साहेब रिटायर होतात, सहकारी त्यांचं मोठं गमतीचं चित्र काढून घेतात, चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर सगळे सह्या करतात. त्याची एक पद्धत आहे. आधी सहकाऱ्यांकडून ‘पॉइंट’ घ्यायचे — साहेबांना कशावरून चिडवता, टेबलावर काय असतं, सवयी काय. वरचा मीठमसाला माझा. आणि तो मीठमसाला — थांबा, आधी माणसं सांगतो.

मेश्रामकाका भंडाऱ्याचे. एका मंत्रालयात तीस वर्षं नोकरी, फरीदाबादेत घर. मी नागपूरहून दिल्लीत आलो तेव्हा चार महिने त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहिलो. काकू रोज वर ताट पाठवायच्या. नात्यातले नव्हेत. आपल्या समाजाचा मुलगा आहे, चित्रकला शिकलाय, एवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं. त्यागीजी त्यांचे मित्र. त्याच ऑफिसातले, दोन गल्ल्या सोडून राहणारे. वीस वर्षं दोघं बरोबर जायचे, बरोबर यायचे. आमच्या समाजाचे नव्हेत, तरी चौदा एप्रिलला आमच्या कार्यक्रमात त्यागीजी बाह्या सरसावून वाढायला उभे असायचे.

काकांच्या निवृत्तीचं चित्र मला त्यागीजींनीच सांगितलं. पॉइंट दिले तीन. कपाळावर चढवलेला चष्मा. दुसऱ्यांच्या टिपणांतले स्वल्पविराम सुधारणारं लाल पेन. आणि तिसरा सांगताना तर ते लहान मुलासारखे खूश झाले होते — “शुगर है न, इसलिए लिफ्ट छोड़के चार मंज़िल सीढ़ी चढ़ते हैं. हमको भी घसीटते हैं, यार!”

मग मी काय काढलं?

जिना काढला. पण जिन्यावर बाकीचं ऑफिस काढलं — घामाघूम, डोक्यावर फायली, जिभा बाहेर. आणि काकांना घातलं लिफ्टमध्ये. एकटे, मजेत, लाल पेनानं बटण दाबून वर निघालेले.

कळलं ना? निरोपसमारंभाच्या हॉलमध्येही कळलं. हे आरक्षणातून वर आले — हा टोमणा तोवर कुणी तोंडावर मारलेला नव्हता, तो मी रंगवून दिला. हॉल खो खो हसला. कुठे हशा येतो हे मला नेमकं ठाऊक असतं, पोट त्यावरच चालतं. जिना चढणाऱ्या माणसाला कोण हसणार? म्हणून काकांना जिन्यावरून उतरवलं.

अजून एक आहे. चित्राखाली मी फक्त ‘नितीन’ अशी सही करतो. आमच्या आडनावांवरून दिल्लीत फारसं कुणाला काही कळत नाही, तरी नकोच, म्हणून. त्या दिवशी त्या हशात मी हसणाऱ्यांच्या बाजूला उभा होतो आणि — लाज वाटते लिहायला — मला बरं वाटत होतं.

त्यागीजी हसले नाहीत. “सीढ़ी बोला था, लिफ्ट क्यों बना दी?” मी म्हणालो, समजण्यात गडबड झाली. “चलो, कोई बात नहीं,” म्हणाले आणि त्यांनीही सही केली. त्यांना त्यात माझी चूक दिसली, बाकी काही दिसलं नाही.

काकांना दिसलं. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच मराठीत विचारलं, “लिफ्ट कुणी सुचवली रे?”

माझी चूक झाली काका — एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, “पॉइंट त्यागीजींनी दिले होते.” शब्दन् शब्द खरा. खोटं बोलायलाही मला खऱ्याचा आडोसा लागतो, असा मी माणूस. काका म्हणाले, “अच्छा.” बस्स.

काका भांडणारे नाहीत. ते बोलणं बंद करतात. दोघांचं सकाळचं फिरणं थांबलं. दिवाळीला त्यागीजींकडून आलेला मिठाईचा डबा न उघडता परत गेला. त्यागीजींनी मला दोनदा फोन केला. “मेश्रामजी नाराज़ हैं क्या? तुम तो घर के हो, पूछो न.” मी विचारलं नाही. दुसऱ्या वेळी तर सांगून टाकलं की रिटायर झाल्यावर माणसं अशीच बदलतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे आता आठवलं की घास उतरत नाही. तेव्हा मात्र उतरत होता, हेही सांगायला हवं.

गेल्या महिन्यात काकांकडे गेलो होतो. थकलेत. पायांना सूज आहे, आणि सोबत कुणी नाही म्हणून फिरायला बाहेरही पडत नाहीत. बोलता बोलता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “वीस वर्षं मला माणूस ओळखता आला नाही, नितीन. तू खरं सांगितलंस म्हणून कळला. तू तरी आपला.”

मी मान हलवली. हो म्हणालो.

परत येताना त्यागीजींच्या गल्लीतूनच रस्ता होता. ते गेटपाशी खुर्ची टाकून एकटेच बसले होते. मला बघून त्यांनी हात वर केला. मीही केला, आणि स्कूटर न थांबवता पुढे निघून गेलो.