स्टोव्ह न्या, चूल मांडू नका

कल्याणचं घर सोडलं तेव्हा टांग्यात दोन ट्रंका होत्या, एक वळकटी होती आणि माझ्या मांडीवर पितळी स्टोव्ह. जायचं होतं फक्त ठाण्याला, कोपरीतल्या एका खोलीत, पण सासूबाईंनी निरोप दिला तो काशीला निघालेल्यांना देतात तसा. धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं आणि दोन खोल्यांत आणखी एक जोडपं मावत नव्हतं, एवढंच कारण. भांडण नव्हतं, रुसवाफुगवा नव्हता. म्हणूनच सासूबाईंनी मला पुन्हा पुन्हा बजावलं, "सुमती, स्टोव्ह न्या, पण चूल मांडू नका. चूल मांडलीत की भाऊ वेगळे झाले."

आमच्यात होतंच तसं. चूल एक तोवर कुलधर्म एक, नैवेद्य एक. दुसरी चूल पेटली की देवही वाटून घ्यायचे. स्टोव्हचं काय, तो उचलून केव्हाही परत आणता येतो. मी मान डोलावली आणि टांगा स्टेशनाकडे सुटला.

कोपरीच्या खोलीत आमच्या घरमालकीणबाईंनी कोपऱ्यातली चूल छान सारवून ठेवलेली. मी तिच्यावर फळी टाकली आणि फळीवर स्टोव्ह ठेवला. बाईंचं उभं आयुष्य मिठागरावर गेलेलं, बोलणं रोखठोक. त्यांनी दारातूनच विचारलं, "चूल नाय त्याला घर कसा म्हनाचा गो बाय?" मी स्टोव्हला पंप मारायला घेतला. मग आम्ही तिथे राहायला गेलो होतो की नुसते उतरलो होतो?

पुढे स्टोव्ह बिघडला. पंप मारावा तर दट्ट्या नुसताच वर-खाली व्हायचा. यांनी हात टेकले, तेव्हा मीच तो उघडला. आतला चामड्याचा वॉशर वाळून कडक झालेला. तो खोबरेलात भिजवला, बर्नरचं भोक पिनेनं मोकळं केलं, रॉकेलात बुडवलेला काकडा पेटवून बर्नर तापू दिला, आणि स्टोव्ह असा फरफरू लागला की मलाच हसू फुटलं. तिथून मला नादच लागला. महायुद्ध संपल्यावर लष्करी छावणीतलं सामान कल्याणच्या बाजारात भंगारात येत असे. त्यात पाय दुमडून पत्र्याच्या डब्यात बसणारे सोल्जरांचे स्टोव्ह, कुणा साहेबाच्या शिकारीचा चेपलेला स्टोव्ह, असं काहीबाही असायचं. सणासुदीला कल्याणला गेले की मी एखादा घेऊनच परते. चिंच लावून घासायचा, गळकी टाकी तांबटाकडून झाळून आणायची, पेटला की फळीवर मांडायचा. "लोकांच्या बायका साडी मागतात, आमची वॉशर मागते," हे चारचौघांत सांगायचे.

हा खुळा नाद कशासाठी, ते मला आजही धड सांगता येत नाही. कुठेही न्या, पेटतात, आणि मुक्काम कुठेच नाही, म्हणून ते मला जवळचे वाटत असावेत.

सासूबाई अधूनमधून यायच्या, पण माझ्या हातचं अन्न घ्यायच्या नाहीत. रॉकेलवर शिजलेलं सोवळ्यात चालत नाही, म्हणायच्या. पिशवीतून आणलेली केळी खायच्या आणि उन्हं उतरली की कल्याणला परत. मला राग यायचा. स्टोव्ह त्यांनीच दिलेला, चूल त्यांनीच मना केलेली, मग मी त्यांना जेवू घालायचं कशावर? एकदा तरी त्यांनी माझ्याकडे पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं.

मग चुलीच्या धुरानं त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळेना. डॉक्टरांनी धुराला सक्त बंदी केली. धाकट्या जाऊबाईंनी माझ्याकडे स्टोव्ह मागितला, आणि मी माझ्या फळीवरचा सगळ्यात चांगला, दोन्ही हातांनी उचलावा लागे असा, नेऊन दिला. मोठ्या हौसेनं पेटवूनही दाखवला. कल्याणची चूल त्या दिवसापासून विझली, आणि ती मी विझवली हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

त्यानंतर सासूबाई कोपरीला आल्या. हातात केळ्यांची पिशवी नव्हती. पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तिकडे स्टोव्ह, इकडेही स्टोव्ह. आता कसलं सोवळं? टाक भात." मी काकडा पेटवला. भात, वरण, तूप, लिंबाची फोड. त्या सावकाश जेवल्या, ताकभातासाठी परत भात मागून घेतला. वरण छान झालंय, म्हणाल्या. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली, ते माझ्यासमोर पाटावर बसून जेवत होतं.

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दिवाळीला या हं दोघं आमच्याकडे."

आजवर मला कल्याणला कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही जायचो. आपल्याच घरी जायला आमंत्रण कसलं? एक चूल विझली आणि आम्ही पाहुणे झालो होतो. मी "हो, येऊ" म्हटलं, त्यांना पोचवायला हे गेले, आणि मी उष्टं ताट समोर घेऊन रडत बसले. कल्याणच्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, त्या दुपारी मला घर मिळालं की माझं घर गेलं, ते मला कुणीतरी सांगा. दिवाळीला आम्ही गेलो. त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, बाहेर सतरंजीवर बसवलं आणि फराळाचं ताट हातात दिलं.